पुणे ते पणजी: जुन्या गाड्या आणि रानफुलं एकाच वाटेवर कशी हेरायची

रानफुलांना पाऊस लागतो आणि जुन्या गाड्यांना तो अजिबात सोसत नाही. या सहलीची खरी अडचण एवढीच आहे. जुलैत निघालात तर पठारं हिरवीगार असतात, पण धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि प्रत्येक जुनी गाडी ताडपत्रीखाली झोपलेली असते. नोव्हेंबरात निघालात तर रविवार सकाळी फियाटी आणि अँबेसिडरी बाहेर पडतात, पण सडे, म्हणजे खडकाळ पठारं, करपून तपकिरी झालेले असतात. दोन्ही साधायचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढीच खिडकी उरते. तिच्यातही पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडलेलं असेल तेव्हा निघावं. ऊन पडलं की फुलं उमलतात आणि मालकही गाडी पुसायला बाहेर काढतो.

गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि विसर्जनाचा दिवस टाळा. रस्ते चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेले असतात आणि थांबून बघायला जागाच राहत नाही. याउलट दसरा लवकर आला, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तर ती संधी सोडू नका. खंडेनवमी-दसऱ्याला घरातलं प्रत्येक वाहन धुऊन त्याला झेंडूचा हार घालतात. वर्षभर गोठ्याशेजारी उभी असलेली जीपही त्या दिवशी अंगणात येते.

वाट अशी: पुणे, खंबाटकी, सातारा, कास, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, म्हापसा, पणजी. कासचा फेरा धरून साधारण पाचशे किलोमीटर. नुसतं जायचं असेल तर एक दिवस पुरतो. बघत जायचं असेल तर चार दिवस द्या, आणि एका दिवसात दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापू नका.

गाडीत कोणी कुठे बघायचं

चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. हा नियम मोडला की सहल गॅरेजमध्ये किंवा दवाखान्यात संपते. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे जाते. शेडखालची फियाट ओळखायला तेवढेच तीन सेकंद लागतात. म्हणून शेजारच्याने डावी कड बघायची आणि मागच्याने समोरून येणारी वाहनं व उजवी कड. दिसलेली गोष्ट थोडक्यात सांगायची: ‘डावीकडे, पत्र्याची शेड, क्रीम रंग, गोल पाठ.’ ‘अरे थांब थांब’ असं ओरडायचं नाही. त्याने ब्रेक दाबला जातो आणि मागून ट्रक येत असतो.

महामार्गावर उलटं यायचं नाही, रिव्हर्स घ्यायचं नाही. मोबाइलच्या नकाशावर खूण टाका, पुढे पूल किंवा वळायची जागा बघा आणि सेवारस्त्याने परत या. बहुतेक जुन्या गाड्या वर्षानुवर्षं त्याच जागी उभ्या असतात, पाच मिनिटांत कुठे जात नाहीत. महामार्गावरून दिसतं तेही थोडंच. बायपास झाला तिथे गावातला जुना रस्ता धरा, कारण जुनी गॅरेजं, पेट्रोलपंप आणि भंगारवाले त्याच रस्त्यावर राहिले आहेत. शिरवळ, कराड, निपाणी या गावांतून पोटातल्या रस्त्याने जायला प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात आणि ती वसूल होतात.

फुलांसाठी वेग ताशी वीसवर आणावा लागतो. साठच्या वेगाने फक्त रंगाचे पट्टे दिसतात आणि ते पट्टे फसवतात. साताऱ्याकडच्या उतारांवर दिसणारं पिवळं रान बऱ्याचदा सोनकी या रानफुलाचं नसतं, कारळ्याचं म्हणजे खुरासणीचं पीक असतं. ओळखायची खूण सोपी आहे: पिवळ्याची कड सरळ असेल, बांधाशी थांबत असेल तर ते शेत. सोनकी दगडांच्या फटींतून, उताराच्या वळणाने, कुठे दाट कुठे विरळ अशी पसरते. रस्त्यालगत नारिंगी-पिवळ्या फुलांची गर्दी आणि बारीक चिरलेली पानं दिसली तर तो कॉसमॉस. दिसायला देखणा आहे, पण बाहेरून आलेला आहे आणि तो जिथे माजतो तिथे देशी फुलांना जागा उरत नाही. त्याच्यासाठी गाडी थांबवायची गरज नाही.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, १५ सेंमीची पट्टी, छोटी विजेरी, वही आणि पेन्सिल. पेनची शाई पावसात पसरते, पेन्सिल टिकते. गुडघे टेकायला प्लॅस्टिकचा जाड तुकडा, कारण कासवरची निम्मी फुलं वीतभरही उंच नसतात. साधी काळी छत्री दोन कामं करते: पाऊस अडवते आणि भर उन्हात फुलावर सावली धरते. भर उन्हात फोटोत रंग फिकट पडतात, सावलीत ते नीट येतात. आंबोलीसाठी मिठाची पुरचुंडी आणि उंच मोजे, जळवांसाठी.

आपली गाडीही तपासून घ्या: वायपरची रबरं, फॉगलॅम्प, टायरची नक्षी, जॅक, ओढायचा दोर. खंबाटकी, यवतेश्वर आणि आंबोली हे तिन्ही घाट ओले असतात. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ते तापतात आणि खालच्या वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही.

जुनी म्हणजे किती जुनी

लोक पन्नास वर्षांपूर्वीच्या कुठल्याही गाडीला व्हिंटेज म्हणतात, आणि कायद्यानेही आता तेच म्हटलं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अशा गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, फेरनोंदणीची पाच हजार, मुदत दहा वर्षं. पण मेख अशी की ही गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणून गावातले आजोबा ज्या साठ वर्षांच्या फियाटीतून बाजार करतात तिच्यावर ‘व्हीए’ दिसणार नाही. क्लबांची भाषा आणखी वेगळी. आंतरराष्ट्रीय संघटना फिवाच्या वर्गवारीत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधल्या गाड्या. तशी गाडी या वाटेवर सहज दिसेल या भ्रमात राहू नका. जे दिसेल ते १९५० ते १९९० या काळातलं.

नंबरपाटी हा पहिला धागा. १९८९ मध्ये नवी पद्धत आली, त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडा असायचा. गोव्यात ‘जीडीए’ वगैरे. अशी पाटी अजून लावलेली असेल तर गाडी नक्की १९८९ पूर्वीची. उलटं मात्र खरं नाही. परराज्यातून आलेल्या किंवा पुन्हा नोंदवलेल्या गाडीला ‘एमएच ०९’, ‘एमएच ११’ असा नवा नंबर मिळतो आणि गाडी १९५८ची असू शकते. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं ही जुन्या खासगी गाड्यांची रीत. काळ्यावर पिवळी अक्षरं दिसली तर ती आजची भाड्याने स्वतः चालवायची गाडी, तिच्या नादी लागू नका.

फियाट

या वाटेवर सगळ्यात जास्त सापडतात त्या फियाटच्या वंशातल्या गाड्या, आणि सगळ्यात जास्त गोंधळही त्यांच्यातच होतो. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनी त्या बनवायची. सगळ्यात जुनी, गुबगुबीत पाठीची आणि गोल नाकाची ती ‘डुक्कर फियाट’. कागदोपत्री मिलेसेंतो, एलिगंट, सिलेक्ट अशी नावं, काळ १९५४ ते साठीची पहिली काही वर्षं. लांबून ओळखायची खूण म्हणजे दारं. पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं मधल्या खांबाला टांगलेली असतात. म्हणून पुढच्या दाराचं हँडल हेडलाइटच्या बाजूला आणि मागच्या दाराचं डिकीच्या बाजूला. दार बंद असलं तरी नुसत्या हँडलांच्या जागेवरून ही गाडी शंभर फुटांवरून ओळखता येते.

१९६४ पासून चौकोनी अंगाची ११०० डी आली, तिचं इथलं नाव डिलाइट. मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. अंग तिघींचं एकच आहे, त्यामुळे लांबून ‘पद्मिनी’ असं छातीठोकपणे सांगू नका. डिकीवरचं नाव वाचा, पण त्यावरही पूर्ण विसंबू नका, कारण ‘फियाट’ हे अक्षरचिन्ह जुन्या बाजारात मिळतं आणि पद्मिनीवर हौसेने लावलेलं असतं. आत डोकवा. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली असेल आणि पुढे सलग बाकासारखी सीट असेल तर गाडी जुन्या घाटणीची. जमिनीतून आलेला गिअर आणि वेगवेगळ्या सीटा म्हणजे शेवटच्या काळातली. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे कायमची बंद झाली. तेव्हापासून काळी-पिवळी रंगवलेली पद्मिनी दिसली तर ती कॅफेच्या दारातली शोभेची किंवा सिनेमावाल्यांची, एवढं धरून चाला.

अँबेसिडर

बंगालमध्ये उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सने १९५७ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनवली. मूळ आराखडा मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा. तिच्या आधीची लँडमास्टर दुसऱ्या मालिकेवरून घेतलेली होती. दोघींतला फरक मागून बघावा: लँडमास्टरची मागची कड सरळ गोलाईने खाली उतरते, अँबेसिडरला दिव्यांच्या वर छोटे पंख उठलेले असतात. लँडमास्टर सापडली तर दिवस सार्थकी लागला.

मार्क वन ते मार्क फोर या तिच्या आवृत्त्या ओळखायला लोक नाकावरची जाळी बघतात. मार्क टूची बारीक चौकटींची, मार्क थ्रीची आडव्या पट्ट्यांची, मार्क फोरची मोठ्या चौकटींची आणि शेजारी चौकोनी दिवे. हे बरोबर आहे, पण पन्नास वर्षांत एकदा तरी ठोकर बसलेली असते आणि बाजारात मिळेल ती जाळी बसवलेली असते. म्हणून जाळीवरून अंदाज बांधायचा आणि चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नंबराच्या पाटीवरून खात्री करायची.

जीप, हेराल्ड आणि ट्रक

जीपच्या बाबतीत फसवणूक सर्रास चालते. बोनेटवर रंगाने पांढरा तारा काढला आणि हिरवा मॅट रंग मारला की गावात ती ‘दुसऱ्या महायुद्धातली’ होते. खरी युद्धातली विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू असेल तर पुढच्या पत्र्याला नऊ उभ्या फटी असतात. नागरी मॉडेलला, म्हणजे महिंद्राने बनवलेल्यांनाही, सात. फटी मोजणं लहान मुलालाही जमतं. नऊ निघाल्या तर खाली वाकून विजेरी मारा: रेडिएटरखालचा चॅसिसचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकोनी वाटणारा पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यांवर इंग्रजी ‘एफ’ उठवलेला असतो, तो भिंगाने बघता येतो. फुलासाठी आणलेलं भिंग इथेही उपयोगी पडतं. उंच बोनेटची जीप म्हणजे सीजे थ्री बी. तिचं उत्पादन महिंद्राने अनेक दशकं चालू ठेवलं, त्यामुळे नुसत्या उंच बोनेटवरून वय सांगू नये.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड क्वचित दिसते. ती बंद असेल तर साधी वाटते, बोनेट उघडलं की ओळख पटते: मडगार्डांसकट सगळं नाक पुढच्या बाजूला कलंडतं आणि इंजिन चाकांसह उघडं पडतं. सुरुवातीची दोन दारांची, नंतरची चार दारांची, आणि १९७२ नंतरची गझेल.

ट्रककडे कोणी बघत नाही, हे चुकीचं आहे. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, कराडपासून निपाणीपर्यंत, जुने डॉज, फार्गो, डिसोटो अजून पाण्याच्या टाक्या वाहतात किंवा विहिरीच्या कामाला उभे असतात. तिन्ही प्रीमियरचेच, फरक मुख्यतः नावाचा. टाटांच्या जुन्या ट्रकवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा दिसला तर तो १९५४ ते १९६९ या भागीदारीच्या काळातला.

विचारायचं कसं

शेडमध्ये न विचारता शिरू नका. आधी मोबाइल खिशात ठेवा, मग हाक मारा: ‘काका, गाडी जपून ठेवलीय तुम्ही. कुठल्या सालची?’ एवढं पुरतं. किंमत विचारली की संभाषण संपतं, कारण आलेला प्रत्येक माणूस विकत घ्यायलाच आलाय असं मालकाला वाटतं आणि ते चुकीचंही नसतं. दार उघडायचं, बोनेटवर हात ठेवायचा, तर परवानगीने. मालक रंगात आला तर तोच बोनेट उघडून दाखवतो आणि चहाही येतो. त्या वेळी चॅसिसची पाटी, डॅशबोर्ड, मागचा दिवा, बाजूची पूर्ण आकृती आणि हेडलाइटच्या उंचीवरून तिरका समोरचा असे पाच फोटो घ्या. रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेला लावून बघायची परवानगी मिळाली तर आणखी उत्तम: चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा गंजून गेला आहे आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. हा निष्कर्ष मालकासमोर मोठ्याने बोलायचा नाही.

गावात नवखे असाल तर थेट जुन्या मिस्त्रीकडे जा. टायरवाल्याला नाही, डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारा: ‘इथे स्टेअरिंग गिअरची फियाट कोणाकडे आहे?’ त्याला प्रत्येक गाडीची कुंडली माहीत असते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात यासाठी एक सकाळ राखून ठेवा. ओतकाम आणि लेथची ती वस्ती असल्याने न मिळणारे सुटे भाग तिथे घडवून घेतले जातात, आणि जिथे भाग घडतो तिथे गाडीही उभी असते. राजघराण्याची मेबॅक मोटार मात्र अशी फिरून दिसणार नाही. दसऱ्याच्या शाही सोहळ्याला ती दसरा चौकात येते, तेव्हा संध्याकाळी चारच्या आत जागा धरावी. कोल्हापुरापर्यंत आलात तर एक गोष्ट माहीत असू द्या: शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडवली होती. नमुने रस्त्यावर धावले, उत्पादन झालं नाही.

कास: खाली बसायची जागा

साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने पंचवीस किलोमीटर, उंची सुमारे १२०० मीटर. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली त्यांत कास आहे. इथे फुलं का येतात हे समजलं तर ती कुठे शोधायची हेही समजतं. काळ्या पाषाणावर जांभ्याचं सपाट टोपण आहे आणि त्यावर माती बोटभर. झाडाची मुळं जायला जागाच नाही. पावसात पाणी साचतं, पाऊस संपला की दगड तापतो. त्यामुळे इथल्या रोपांना उगवणं, फुलणं आणि बी टाकणं तीन-चार महिन्यांत उरकावं लागतं. म्हणून माती खोल आहे तिथे गवत माजतं आणि जिथे दगड उघडा, ओलसर आहे तिथे फुलं दाटतात.

हंगामात दिवसाला ठरावीक लोकांनाच प्रवेश असतो. नोंदणी ऑनलाइन, आधी करावी. शनिवार-रविवार शक्यतो नकोच. सकाळी लवकर पोचा, पण धुकं असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा दहाच्या सुमारास ते उठतं आणि मग फुलं उघडतात. आभाळी आणि तिच्या कुळातली निळी-जांभळी फुलं काही तासच टिकतात, ती आधी बघून घ्या. तेरडा आणि सोनकी दुपारीही भेटतात.

आता जवळून बघायची दोन फुलं. पहिलं सीतेची आसवं. लांबून जांभळी सतरंजी दिसते, जवळ गेलं की बोटाच्या पेराएवढं एकेक फूल. मातीलगत पानं जवळजवळ दिसतच नाहीत. खरा कारभार खाली चिखलात चालतो: टाचणीच्या डोक्याएवढे फुगे, त्यांना झडप, आणि आत ओढले जाणारे सूक्ष्म जीव. जांभ्यावरच्या पाण्यात नत्र जवळजवळ नसतं, ते असं मिळवलं जातं. उपटून बघायचा मोह होतो, तो आवरा. तिथल्या मार्गदर्शकाला विचारलं तर तो एखादं आधीच उपटलेलं रोप दाखवतो.

दुसरं दवबिंदू. नाव काव्यमय आहे, पण तेच फसवतं, कारण सकाळी सगळ्याच गवतावर दव असतं. युक्ती अशी: दुपारी बारानंतर शोधा. बाकीचं दव वाळून गेलेलं असतं आणि तरीही एखादं लालसर रोप थेंबांनी चमकत असेल तर तोच. भिंगातून प्रत्येक थेंब एका लाल केसाच्या टोकावर दिसतो, आणि एखाद-दुसऱ्याला चिलट चिकटलेलं.

बाकीची भराभर: पिवळ्या फुलावर दोन लालसर ठिपके असतील तर कवला, ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात. पांढऱ्या गुंड्यांसारखे डोलणारे ते गेंद. साचलेल्या पाण्यातून इंग्रजी ‘वाय’सारखा दुभंगलेला तुरा वर आला असेल तर वायतुरा, पण तो लवकर फुलतो, सप्टेंबरात उशीर झालेला असतो. टोपल्या पालथ्या घातल्यासारखी झुडपं म्हणजे टोपली कारवी. ती ठरावीक वर्षांच्या अंतराने एकदम फुलते, त्यामुळे हिरवी दिसली तर नाराज होऊ नका. कंदीलपुष्प सापडलं तर फोटो घ्या, पण नकाशावरची खूण कोणाला पाठवू नका. दुर्मीळ कंद खणून नेणारे लोक हेच शोधत असतात. पठारापलीकडे ‘राजमार्ग’ नावाच्या वाटेने चालत गेलं की कुमुदिनीचं तळं लागतं, झालरी पाकळ्यांची पांढरी फुलं काठावरून दुर्बिणीने बघावीत.

फुलाचे फोटो पाच: पूर्ण रोप, फूल समोरून, फूल बाजूने, पानाची वरची आणि खालची बाजू, आणि पट्टी ठेवून आकार. लोक फक्त समोरून काढतात आणि मग ओळख पटत नाही. तेरड्याचं शेपूट, हबे आमरी या ऑर्किडची लांब नळी, सगळं बाजूनेच दिसतं. पाय उघड्या दगडावरच ठेवा. शेवाळाच्या गादीवर पडलेलं एक पाऊल त्या वर्षीचं बी पडू देत नाही. आणि तेरड्याचा रंग तीन दिवस असं उगाच म्हणत नाहीत, फुलं तोडून गाडीत ठेवलीत तर ती तीन तासही टिकत नाहीत.

कासला गर्दी असेल तर ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांखाली सोनकी आणि तेरडा मुबलक, वारा मात्र इतका की फोटोसाठी रोपाला छत्रीचा आडोसा करावा लागतो.

आंबोली उतरून गोव्यात

कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर, आजरा या रस्त्याने आंबोली. निपाणी कर्नाटकात आहे, पेट्रोलचे भाव वेगळे, तिथे एकदा तुलना करून टाकी भरावी. आजऱ्यापुढे कुंपणांवर कळलावी दिसू लागते: पाकळ्या वर वळलेल्या, आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक, आणि पानाचं टोक कुरळ्या तारेसारखं शेजारच्या काटकीला धरून. सगळी वनस्पती विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. लहान मुलांना हात लावू देऊ नका. आंबोलीत धबधब्याजवळची गर्दी सोडून चौकुळच्या बाजूला सड्यावर जा. सतत पडणाऱ्या पावसामुळे तिथे फुलं कासपेक्षा थोडी उशिरापर्यंत ओली राहतात. घाटात दरडीखाली गाडी उभी करू नका, फूल कितीही चांगलं असो.

बांद्याच्या पुढे फुलांची वही मिटली तरी चालेल, गाड्यांची उघडा. गोवा डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे भारतात बंद असलेली आयात तिथे चालू होती. ओपेल, बीटल आणि डिझेलवर चालणाऱ्या मर्सिडीज तिथे आल्या. गोल खांद्यांच्या मर्सिडीज १८० डी कितीतरी वर्षं टॅक्सी म्हणून धावत होत्या. किनाऱ्यावर शोधू नका, खारी हवा पत्रा खाते. म्हापसा, मडगावच्या आतल्या वाड्यांवर, जुन्या घरांच्या बाजूला, बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या, पलीकडे छपराखाली बघा. ‘जीडी’ने सुरू होणारी पाटी दिसली की गाडी हळू करा. दुपारी एक ते चार हाक मारू नका, घर झोपलेलं असतं. साडेचारनंतर जा आणि पहिला प्रश्न गाडीचा न विचारता घराचा विचारा.

परत निघण्याआधी बुटांचे तळ आणि टायरच्या खाचा पाण्याने धुऊन घ्या. रानमोडी हे तण आणि कॉसमॉस यांचं बी त्याच चिखलातून एका पठारावरून दुसऱ्यावर जातं.